सत्यभामेच्या गाण्यातली शिटी

मित्रांनो, मी दिंद्रुडच्या सुंदररावांच्या उजव्या कानातलं जुनं यंत्र आहे. आता फार थकलो आहे. ऐकून नव्हे, बोलणी खाऊन.

माझा जन्म दूरच्या शहरातला. कानात बसणारा माझा साचा मात्र सुंदररावांच्याच कानाचं माप घेऊन केलेला. सहकारी साखर कारखान्याच्या कर्णयंत्र वाटपाच्या शिबिरात खुद्द चेअरमननी मला त्यांच्या कानात बसवलं, फोटोही काढून घेतला. काय थाट होता माझा त्या दिवशी!

पुढे दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. सुंदरराव बैलजोडी घेऊन चार महिने चारा छावणीत राहिले आणि वाळून निम्मे झाले. माझा साचा कानात सैल पडला. तेव्हापासून मी मधूनच शिटी मारू लागलो. ती सगळ्यांना ऐकू जाई, फक्त सुंदररावांना नाही.

ऊसच नसल्याने कारखाना बंद होता. वर्धापनदिनाची गायनसभा रिकाम्या साखर गोदामात ठेवली. गाणार होती सुंदररावांची लेक सत्यभामा, गावापुढे पहिल्यांदाच. तिने हळुवार आलाप सुरू केला. नीट ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेतल्या सुंदररावांनी माझा आवाज वाढवला आणि मी किंचाळलोच. सत्यभामेचा सूर अडखळला. त्याच रांगेतल्या चेअरमननी वळून डोळे वटारले.

"आवं, तुमचं यंत्र बोंबलतंय, काढा ते," शेजारी बसलेल्या सुंदररावांच्या पत्नी बायनाबाई कानाशी लागून म्हणाल्या.

"लेकीचं गाणं, अन् मीच आडवा आलो का?" सुंदरराव ओशाळले. त्यांनी मला काढून खिशात टाकलं, पण बंद करायचं राहिलं. मी खिशातही ओरडत होतो. शेवटी बायनाबाईंनी माझा सेलच काढला. पुढचं गाणं ना सुंदररावांनी ऐकलं, ना मी. फार वाईट वाटलं मला.

सकाळी सत्यभामेने सेल घालून मला पुन्हा त्यांच्या कानात बसवलं.

"आबा, कसं झालं गाणं?"

"लोकांच्या माना डोलत व्हत्या. म्हंजी लई गोड झालं असंल."

ती त्यांच्या कानाशी वाकून तोच आलाप गाऊ लागली. तिचं डोकं जवळ येताच मी परत वाजलो. ती थांबली नाही. तिने फक्त एका बोटाने मला कानात दाबून धरलं. मी गप्प झालो. सुंदररावांनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, आमचा साचा सैल झाला की नवा करून घ्या. शेजारच्याच्या कानात शिटी वाजली तर डोळे वटारू नका, त्याला ती ऐकू येत नसते. त्या गोदामात चारशे माणसं होती, आणि मला गप्प करायला एक बोट पुरत होतं.