मावशीचं पातेलं आणि शहराची हवा

शहराची हवा मोजणारं यंत्र एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर होतं आणि त्याच्या बरोबर खाली मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी. मावशी रोज सकाळी गॅसवर दूध ठेवायची, बहिणीला फोन लावायची आणि दुधाला साफ विसरायची. दूध उतू जाऊन करपलं की वर यंत्राचा काटा टुणकन उडायचा.

हे उमगलं तेव्हा हवा मोजणाऱ्या अधिकाऱ्याला घाम फुटला. ऑफिसात त्याला सगळे ‘नाक्या’ म्हणत. मावशी त्याची सख्खी, आणि फोनवरची बहीण म्हणजे खुद्द त्याची आई. हवा यंदाही सुधारली नाही तर तुझी बदली कचरा डेपोवर, असं साहेबांनी त्याला बजावून ठेवलं होतं.

“यंत्र जरा पलीकडे हलवू या ना, साहेब.”

“खुळा की काय? जागा बदलली तर गेल्या वर्षाशी तुलना कशी करणार? मग प्रगती कसली मोजणार, डोंबल?”

नाक्याने मावशीचे पाय धरले. “मावशी, दूध तापेपर्यंत फोन नको गं.”

“गावभर गाड्या धूर ओकतात ते चालतं, आणि माझं दूध तेवढं नडतं होय रे, मेल्या?”

“गाड्या यंत्रापासून लांब आहेत!”

शेवटी तोडगा निघाला. मावशीने बोलत बसायचं, दुधाशी नाक्याने उभं राहायचं. काटा शहाण्या पोरासारखा गप्प बसला. शहराची हवा सुधारली.

ती इतकी सुधारली की वरिष्ठ कार्यालयातून एक बाई थेट गच्चीवर तपासणीला आल्या. “उपाय काय केलात?”

साहेबांनी नाक्याकडे पाहिलं. थाप मारायची म्हटली की नाक्याची जीभ अडखळायची. “बाई, मी... दूध बघतो.”

बाई खाली मावशीच्या स्वयंपाकघरात उतरल्या. पातेलं पाहिलं, करपलेली शेगडी पाहिली, खिडकीतून मान बाहेर काढून वर यंत्र पाहिलं. साहेबांचा चेहरा पडला. नाक्याला डेपोचा वास येऊ लागला.

“यंत्र हलवता येणार नाही,” बाई विचार करून म्हणाल्या. “तुलना जाईल. आणि ह्या दूध बघणाऱ्यांना तर मुळीच हलवू नका. शहराची हवा जाईल.”

मावशीच्या हातातल्या फोनमधून आईचा आवाज आला, “काय गं, बढती मिळाली का पोराला?”

“मिळाली तर! माझ्या गॅसपाशी कायमची नेमणूक झालीय. उद्यापासून तळणही त्याच्याच खात्यात.”