जावयाबरोबर रॉड घ्यायला गेलो

जावई स्वतःहून म्हणाला, बाबा, चला, तुम्हाला मासेमारीचा नवा रॉड घेऊन येऊ, तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय. लग्नाला वर्ष होत आलं, पण हा गृहस्थ माझ्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलला नव्हता. मीही नव्हतो म्हणा. आणि आता एकदम रॉड?

कारण मला माहीत होतं. त्याला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी चालून आली होती. मुलीनं ते मला बोलता बोलता सांगितलं आणि लगेच विषय बदलला. माझी एकुलती एक मुलगी. तिची आई गेल्यापासून मला दुसरं कोण आहे? लग्नानंतरही दोन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी डोकावून जाते. तिलाही हा घेऊन गेला तर मी काय भिंतींशी बोलायचं? म्हणजे रॉड हा रडणाऱ्या पोराच्या हातात दिलेला खुळखुळा होता. म्हाताऱ्याला बंदराच्या धक्क्यावर गळ टाकत बसवायचं आणि आपण बायकोला घेऊन पसार व्हायचं. मुलगी म्हणाली, जा हो बाबा, एवढं काय त्यात. तिच्या शब्दाखातर गेलो.

मला कुणी सहजासहजी फसवू शकत नाही, हे आधीच सांगतो. उभा जन्म मी सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढला. आमची पद्धत सोपी होती. आलेल्या मालातला एक नग उचलायचा, मधोमध शिकंज्यात धरायचा आणि मोडेपर्यंत वाकवायचा. किती जोराला मोडला त्यावरून बाकीचा माल पास की नापास ते ठरायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. कारखान्यात मला माझ्यामागे ‘रिजेक्ट’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगू का, आवडायचंही.

दुकान बंदराच्या मागच्या रस्त्यावर. आत नायलॉनच्या दोरीचा वास, खोक्यांत शिशाची वजनं, आणि भिंतीला लाकडी घोडीत रांगेनं उभे केलेले रॉड. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. जावयाला बघताच म्हणाला, “या, काल बोललो तसंच ना?” म्हणजे हा कालच येऊन गेला होता! घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळलं. दोघांचं आधीच ठरलेलं, गिऱ्हाईक आणायचं आणि कमिशन वाटून घ्यायचं. डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो.

पहिला रॉड त्यानं काढला तो नुसत्या कार्बनचा. हातात पिसासारखा हलका, दिसायला देखणा, आणि किंमत ऐकून घाम फुटावा असा. मी म्हटलं, मी धक्क्याच्या दगडांवर बसणारा माणूस, हा एकदा दगडावर आपटला की बारीक तडा जाणार, आणि ऐन मोठ्या माशाच्या वेळी हा दगा देणार. दुसरा स्वस्त होता. दोरा ज्यातून जातो त्या कड्यांवर नख घासलं तर वरचा मुलामा निघाला. समुद्राची खारी हवा असल्या कड्या एका मोसमात खाते. माझा जुना रॉड असाच गेला होता. कड्या गंजल्या, जोड अडकून बसला, आणि तो सोडवताना नळीच चिरली.

तिसरा मात्र बरा वाटला. फायबरग्लासचा, त्यात थोडा कार्बन मिसळलेला, माझ्या उंचीपेक्षा जरासा लांब, दोन तुकड्यांत, मूठ घट्ट फोमची. कड्या न गंजणाऱ्या पोलादाच्या. मी खिशातून कापूस काढला आणि एकेका कडीतून ओढून बघितला. कडीला कुठं चीर असली तर कापसाचा तंतू अडकतो. एकही अडकला नाही. किंमतही आवाक्यातली. एवढ्यात जावई म्हणाला, “हाच घ्या, बाबा.”

झालं. त्याच क्षणी तो रॉड माझ्या मनातून उतरायला लागला.

त्यात दुकानदारानं मी न मागता किंमत आणखी कमी केली. न मागता! मग जावई त्याला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजला. मला एवढंच ऐकू आलं, की जे काय होईल ते माझ्याकडून घ्या. आता संशयाला जागाच उरली नाही. मी रॉड जोडला, मधोमध दोन्ही हातांनी धरला, टोक जमिनीला टेकवलं आणि वाकवायला लागलो. दुकानदारानं तोंड उघडलं, पण जावयानं त्याच्या दंडावर हात ठेवला. मी आणखी जोर लावला. काडकन आवाज झाला आणि रॉडचे दोन तुकडे माझ्या हातात आले.

“बघा!” मी म्हणालो. “हा तुमचा टिकाऊ माल! आणि जावईबापू, तुमचा वाटा किती होता यात?”

जावयाचा चेहरा पडला. दुकानदार बोलला. “काका, रॉड मुठीला धरून वाकवायचा असतो, म्हणजे भार खालपर्यंत जातो. मधोमध असा धरला तर कुठलाही मोडेल. हे काल येऊन सांगून गेले होते, सासरे एखादा मोडून बघतील, त्यांना अडवू नका, मोडलेल्याचे पैसे मी देईन. वाटा कसला घेऊन बसलाय?”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. जावयानं तसलाच दुसरा रॉड घोडीतून उचलला, दोन्हींचे पैसे दिले आणि आम्ही निघालो. माफ करा म्हणायला हवं होतं. शेवटी धक्क्यापाशी मी थांबलो आणि भलतंच विचारलं, माझ्या मुलीला कधी घेऊन जाताय? त्यानं रॉड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, ते तुम्ही तिलाच विचारा. मला पुन्हा राग आला. बायकोच्या पदराआड लपतो म्हणजे काय?

घरी मुलगी वाटच बघत होती. कसं झालं, तिनं विचारलं. झकास, जावई म्हणाला. मी गप्प बसलो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण मला ते सहन होईना. मी सगळं सांगितलं, मोडलेल्या रॉडसकट, कमिशनच्या बोलण्यासकट. आणि मग विचारलं, हा तुला कधी नेणार?

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नको म्हणून मान हलवली. तरी ती बोलली.

“जायचं मला आहे, बाबा. तोच नाही म्हणतोय. म्हणतो, तुम्ही एकटे पडाल.”

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. का, मी विचारलं. मग तिनं सांगितलं. पेपरात मार्क मिळाले की मी शाळेत जाऊन खरे का ते विचारायचो. ती मैत्रिणीकडे गेली की मागोमाग तिथं माझा फोन. लग्न ठरलं तर मी याच्या कचेरीच्या दारवानापासून चौकश्या केल्या. त्यातलं काही ना काही मला आठवत होतं, आणि प्रत्येक वेळी मला मी बरोबरच वाटलो होतो. ती एकदाही खोटी निघाली नव्हती, तरी मी एकदाही नुसतं हो म्हटलं नव्हतं, असं ती म्हणाली. “थकले मी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मी उत्तर दिलं असतं. राग नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खिडकीकडे बघत बसलो.

जावई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, गेलो तरी दर महिन्याला आम्ही येत जाऊ, बाबा.

नक्की का, कुठल्या तारखेला, रजा कोण देणार, सगळं माझ्या जिभेवर आलं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हेच विचारणार हे तिला माहीत होतं.

“बरं,” मी म्हणालो.