साक्षगंधाचा ब्लाउज

प्राजक्ताच्या साक्षगंधाच्या दिवशी आईनं मला पुतणी केलं. सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "आज तू साधना. माह्या दिराची पोरगी. कामाले हात लावाले आली."

मी म्हटलं, "अन् वर्षाली कुठी गेली?"

"तिले आज या घरात जागा नाई, माय," आई म्हणाली आणि पदरानं नाक पुसायला लागली.

तिचंही चुकत नव्हतं. चांदूर बाजारचे पाहुणे येणार होते, आणि माझी धाकटी बहीण प्राजक्ता पसंत पडली तर त्याच बैठकीत कुंकू लावून साक्षगंध उरकायचं ठरलं होतं. थोरली एकतीस वर्षांची, बिनलग्नाची घरात दिसली की पहिला प्रश्न "कावून?" हाच. कावूनचं उत्तर सिकलसेल. हा रक्ताचा आजार मला जन्मापासून आहे. थंडी लागली, दगदग झाली की रक्त आतल्या आत अडतं आणि हाडं ठेचल्यासारखी दुखतात. मग अकोल्याच्या दवाखान्यात चार-सहा दिवस सलाईन, कधी रक्ताची पिशवी. प्राजक्ताची तपासणी साफ निघाली आहे, पण लोक रिपोर्ट पाहत नाहीत, घराणं पाहतात. म्हणून आई आमच्या अख्ख्या पातुरात वीस वर्षं "पोरीले वात आहे" असं सांगत आली. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला वात होतो, हे लोकांनी कसं मानलं देव जाणे.

माझ्या हातात शिलाई आहे. अकोल्यात तीन दुकानांत मी ब्लाउज शिवले. तिन्ही ठिकाणी कामाचं नाव झालं आणि तिन्ही मालकांनी मला काढलं. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं आणि कारागीर दवाखान्यात, तर तेही काय करतील? आजार काही सुट्टीचा अर्ज देऊन येत नाही. तेव्हा कळलं की मला नोकरी नाही, स्वतःचं शटर पाहिजे. दुखलं की खाली ओढायचं, थांबलं की वर करायचं. कुणाची बोलणी खायला नकोत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझी औषधं आईच्या झेंडूच्या शेतीवर चालतात. त्या झेंडूकडे डोळे लावून बसायलाही नको.

पालिकेनं बस स्टँडजवळ दिव्यांगांसाठी गाळे काढले तेव्हा मी हेलपाटे घालून सिकलसेलचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळवलं, अर्ज भरला. यादीत नाव लागलं. आता फक्त पालिकेच्या माणसानं केव्हातरी घरी येऊन पडताळणी करायची राहिली होती. ती हुकली की गाळा खालच्या नावाला जाणार होता.

पाहुणे अकराला आले. मी डोळे खाली ठेवून चहाचा ट्रे फिरवत होते. या आजारानं माझे डोळे पिवळे दिसतात, म्हणून वर पाहायचं नाही अशी आईची ताकीद होती. प्राजक्ता पाटावर बसली होती. अंगात मी शिवलेला मोरपंखी ब्लाउज, बाहीला दुहेरी पायपिंग. आठ दिवस लागले त्याला, कारण खांदा दोन तासांच्या वर मशीनवर बसू देत नव्हता. मुलाची आई माणिकबाई ती बाही चिमटीत धरून म्हणाली, "काय सफाई आहे वं! कोणं शिवला?"

मी ट्रे धरून जागीच थांबले.

"रेडीमेड होय," आई घाईघाईनं म्हणाली. "अकोल्याहून आणला."

आजार लपवला, त्याचं मला काही वाटलं नाही; त्याची सवयच आहे. नावही लपवलं, तेही गिळलं. पण चारचौघांना दाखवावं असं माझ्याजवळ तेवढं एकच होतं. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात दारात पालिकेचा माणूस उभा राहिला. हातात फाईल. "वर्षाली खुशालराव गावंडे इथंच राहतात ना? गाळ्याच्या अर्जाची पडताळणी होती."

आई पुढे झाली. "इथं कोणी वर्षाली नाई. दुसरं घर पाहा."

"पत्ता तं हाच आहे, मावशी."

"नाई म्हटलं ना!"

मी ताकीद विसरून वर पाहिलं होतं. त्याला माझे डोळे दिसले. तो जरा घुटमळला, मग माझ्याकडे बघतच बोलला, "बरं. अर्जदार इथं राहत नाही, असं लिहितो. घरातल्या कोणाची तरी सही लागन. पण मंग अर्ज रद्द होते, पुन्हा काही करता येत नाई."

आईच्या हातात कुंकवाचं ताट होतं. "साधना, कर वं सही," ती म्हणाली. आवाज साधा होता, पण डोळ्यांनी ती माझ्या पाया पडत होती. बाबांच्या मयतीलाही मी तिला इतकं लाचार पाहिलं नव्हतं.

मी पेन घेतलं. बोटं सकाळपासून ठणकत होती. प्राजक्ता मान खाली घालून बसली होती, कपाळ अजून कोरं होतं. साधना लिहायला काय लागतं? तीन अक्षरं. तीन अक्षरांत बहिणीचं लग्न होत होतं, आईला झोप लागणार होती. आणि मी? आई आहे तोवर वात झालेली पोरगी, आई गेल्यावर प्राजक्ताच्या दारातली ओझ्याची बहीण. तेव्हाही पाहुणे आले की साधनाच.

मी लिहून कागद त्याच्या हातात दिला.

"हे तं अर्जदाराचंच नाव आहे," तो हळूच म्हणाला.

"मीच होय वर्षाली. इथंच राहतो मी. मले सिकलसेल आहे." मग मी पाहुण्यांकडे वळले. "प्राजक्ताले नाई. तिचा रिपोर्ट आलमारीत आहे, पाहून घ्या."

रिपोर्ट कुणी मागितला नाही. माणिकबाईंनी बाहीवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. प्राजक्ता रडायला लागली, आवाज न करता, पाटावरच. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. पण पाय उचलेना, आणि तोंड थांबेना.

"अन् थो ब्लाउज रेडीमेड नाई," मी म्हटलं. "म्या शिवला."