शहाताचं घर काठावर

पोर्ट सैदला जहाज कालव्यात शिरलं की क्रेनने आमची होडी वर उचलून घेतात, होडीबरोबर आम्हालाही. जहाज मध्येच काठाला बांधायची वेळ आली, तरच होडी खाली सोडायची आणि दोर काठावर न्यायचे. ती वेळ क्वचित येते. एरवी आम्ही डेकवर चादर पसरून पितळी पिरॅमिड विकतो. कसले डोंबलाचे खलाशी!

त्या दिवशी पर्यटकांचं पांढरंशुभ्र जहाज होतं, गिऱ्हाईक भरपूर. पण माझा जोडीदार शहाता चादर न पसरताच बसला होता. जहाजावर चढल्यावर त्याच्या बायकोचा, रावयाचा फोन आला होता. शहाताचा म्हातारा बाप अखेरच्या घटका मोजत होता आणि त्याचं एकच पालुपद, शहाताला बोलवा.

घर इस्माइलियाच्या अलीकडे, कालव्याच्या काठावरच. आमचं जहाज त्याच्या दारावरूनच जाणार.

शहाता थेट कालव्यातून जहाज नेणाऱ्या पायलटसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, आमची होडी सोडा. नाहीतर मी उडी मारतो."

"वेडा झालास? मागे जहाजांची रांग आहे, थांबता येत नाही. आणि खाली पंखा फिरतोय, खिमा होईल तुझा."

"मग निदान जरा हळू घ्या."

"लेकरा, माझ्या हातात असतं तर..."

माणूस वाईट नव्हता. त्याचाच मला जास्त संताप आला. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

"काका," शहाता मला म्हणाला, "जन्मभर दुवा मागितली, जहाज बिघडू नये म्हणून. आज बिघडू दे." मीही मागितली. मेलं इंजिन ठणठणीत चालत राहिलं.

घर दिसलं. घरच्यांनी म्हाताऱ्याला बाजेसकट काठावर आणून ठेवलं होतं. शहाता कठड्यावरून ओणवा झाला. "बाबा! आलो बघा, बाबा!"

म्हातारा हलला नाही. रावयाने डोक्यावरचा काळा रुमाल ओढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला लागली. घरात माणूस गेलं की आमच्या बायका अशाच रुमाल फिरवत आक्रोश करतात.

डेकवर एकदम आनंदीआनंद झाला. सगळे पर्यटक काठाकडे बघून हात हलवायला लागले. एका गोऱ्या म्हातारीने हसत शहाताचा दंड धरला. "किती प्रेमळ लोक आहेत तुमचे! अरे, तू पण कर ना हात!"

शहाताने हात वर केला. घर दिसेनासं झालं, तरी तो तसाच होता.