शीतलनाथांचा तांब्याचा पत्रा

घोडपदेवच्या चाळीत रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर सुचित्राचा कॉम्प्युटर होता. पडद्यावर भल्यामोठ्या आकड्यांत त्याच्या प्रोसेसरचं तापमान झळकत होतं: ब्याण्णव अंश.

"हिमालयाची ऊर्जा सिलिकॉनात उतरो! विद्युत शांत होवो!" चाळीत नव्याने येऊ लागलेल्या शीतलनाथ बाबांनी तांब्याचा पत्रा कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवला आणि आशीर्वाद दिल्यासारखी कीबोर्डवर बोटं फिरवली. आकडा घसरला. सत्तर, पंचावन्न, अठ्ठेचाळीस.

सगळ्यात जोरात टाळ्या सुचित्राच्या सासऱ्यांच्या, दत्ताराम अप्पांच्या. आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळलेला माणूस!

सुचित्रा घरी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा. म्हणून तिने दुकानात नवा कूलर सांगून ठेवला होता. उंच धातूच्या पात्यांचा, मोठ्या पंख्याचा. प्रोसेसरवर नीट बसेल ना, डब्याचं झाकण लागेल ना, हे पट्टीने मोजून पाहिलं होतं. त्या रविवारीच अप्पांनी दुकानात फोन करून तो रद्द केला.

"पंखा मुंबईचीच गरम हवा फिरवणार ना? नाथांचं काम वेगळं आहे."

सुचित्राला पटलं नव्हतं. पण घरात वाद नको म्हणून तिने कूलर पुन्हा मागवला नाही.

बुधवारी ती शेजारच्या शांताकाकूंच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ तयार करत होती. कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. चौथ्यांदा चालू झाला, तेव्हा मूळ चित्रणातला एक तुकडा उघडेचना. लेकीच्या डोक्यावर हात ठेवणारे काका त्यात होते. लग्नानंतर दोनच महिन्यांनी ते गेले होते. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुसली गेली होती.

शांताकाकू ओरडल्या नाहीत. तो न उघडणारा तुकडा पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिल्या. ते सुचित्राला जास्त लागलं.

काकू घरी परतल्यावर सुचित्रा म्हणाली, "अप्पा, पत्रा काढला तरी आत्ता अठ्ठेचाळीसच दिसतंय. रविवारी मशीन काहीच काम करत नव्हतं. मग ब्याण्णव कशाने झालं?"

अप्पांनी पत्रा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "रिकामा साचा तापत नाही गो. कोणीतरी भार टाकला असणार."

"तापमान दाखवायला म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह लावला होता."

पुढच्या रविवारी शीतलनाथ आले, तेव्हा सुचित्राने आपला कॉम्प्युटर आधीच टेबलावर मांडला होता. तापमान सत्तेचाळीस. नाथांनी टेबलावर काढून ठेवलेला पेनड्राइव्ह तिनेच उचलून लावला. आतला पंखा घोंघावू लागला, आकडा ब्याण्णववर गेला.

"बाई, श्रद्धेशिवाय हात लावू नका!" नाथ पुढे सरसावले. अप्पा मध्ये उभे राहिले.

सुचित्राने चालू प्रोग्रामची यादी उघडली. "हा बघा. आकडे दाखवतो, आणि गुपचूप प्रोसेसरला शंभर टक्के राबवतो. नाथांची बोटं कीबोर्डवर फिरली की हा बंद होतो. आता पत्रा डब्यावर नाही, माझ्या हातात आहे." तिने प्रोग्राम बंद केला. आकडा घसरत अठ्ठेचाळीसवर आला.

शीतलनाथ पिशवी उचलून दाराकडे वळले. "कलियुग!" एवढंच म्हणाले. कोणी टाळी वाजवली नाही. दोघातिघांनी तर नाथांकडून घेतलेले पत्रे अजून मुठीत धरून ठेवले होते.

"आता तो कूलर आणा," मागून शांताकाकू म्हणाल्या. "पण अप्पा, हे त्या दिवशीच विचारलं असतंत तर?"

अप्पांना त्यांच्याकडे बघवेना. "विचारायला हवं होतं, वहिनी. बेअरिंग तापलं की कारण शोधायचं, हे मला पोटापाण्याच्या कामाने शिकवलं होतं, तरी मी हात जोडून बसलो." मग ते खोलीकडे वळले. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कोणी काही करून दाखवलं, तर त्याच्या वस्तूंशिवाय, त्याच्या हाताशिवाय तेच पुन्हा घडतं का, ते बघा. आणि नुकसान व्हायच्या आधी बघा."