गावकुरणातले उसासे

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून माझं गिऱ्हाईक दुकानातून पळालं. का, तर गावकुरणातली जमीन म्हणे श्वास घेतेय! मीही वस्तरा ठेवून मागोमाग गेलो. कुरणात ही गर्दी. मधोमध गावात नवाच आलेला एक भगवा बाबा उभा. त्याने तांब्यातलं पाणी मातीवर ओतलं. माती फसफसली, भेगाळली आणि भसाभस वाफ निघाली.

"उसासे टाकताहेत!" बाबा किंचाळला. "गाव वसवणारे मूळपुरुष उसासे टाकताहेत! 'आमच्या जमिनीवर शेळ्या लेंड्या टाकतात,' म्हणतात. 'ही बाबाच्या स्वाधीन करा!'"

बायका रडल्या, पुरुषांनी माना तुकवल्या. गावप्रमुखांनी तर इस्त्रीच्या सदऱ्यानिशी लोळण घेतली.

या मूळपुरुषांची हकिगत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोजकी घरं आली, त्यांनी रान साफ केलं आणि आपापसांत वाटण्या करण्याआधी मधला हा सपाट तुकडा सगळ्यांसाठी सोडला. कुंपण घालायचं नाही, कोणाच्या नावावर करायचा नाही. ज्याचं जनावर असेल त्याने चारावं. पिढ्यानपिढ्या गावाने ते पाळलं. इतकी दिलदार माणसं मेल्यावर एकदम एवढी कद्रू कशी झाली, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. येत्या रविवारी कुरणातच सभा भरवायची आणि हात वर करून ते बाबाला देऊन टाकायचं, असं ठरलं.

माझी विधवा आत्या शेळ्यांच्या दुधावर घर चालवते. "मग मी यांना चारू कुठे? गच्चीवर?" तिने गावप्रमुखांना विचारलं.

"पूर्वजांची इच्छा! मी काय करणार?"

शनिवारी तिची गाभण शेळी लाळ गाळत घरी आली. ओठ भाजलेले. "शाप!" शेजारीण म्हणाली. "उलट बोललीस ना!" आत्याने घाबरून कुरणाकडे तोंड करून हात जोडले. मी धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी शेळीच्या ओठांना चिकटलेले पांढरे खडे चिमट्याने काढून बशीत ठेवले, मग तिचं तोंड भरपूर पाण्याने धुतलं. बशीत थोडं पाणी टाकलं. खडे फसफसून फुटले.

"शाप कसला, हा कळीचा चुना. शेळी कुठे चरत होती?"

रविवारी सभेपुढे बाबाने तांब्या उचलताच डॉक्टरीणबाई पुढे आल्या. हातात गुरांच्या हौदातल्या पाण्याची बादली.

"हे चालेल का हो?"

"मूर्ख मुली, मंतरलेलंच पाणी लागतं!"

बाईंनी बादली पालथी केली. गढूळ पाण्यालाही मूळपुरुषांनी भसाभस उसासे टाकले.

"आता तुमचं मंतरलेलं पाणी तिकडे, शेजारी ओता."

बाबाने डोळे मिटून समाधी लावली. आत्याने त्याच्या हातातला तांब्या हिसकावला आणि शेजारी रिकामा केला. नुसता चिखल झाला. मग बाईंनी फावडं मारलं. मातीच्या पातळ थराखालून पांढरे खडे निघाले.

"कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो इतका तापतो की पाणी उकळतं," त्या म्हणाल्या. "पूर्वजांचा काही संबंध नाही."

"म्हणजे बाबाने गावाला चुना लावला!" कोणीतरी ओरडलं. समाधी तत्काळ भंगली. बाबा पळाला, पण लोकांनी धरून पोलिसांच्या हवाली केला.

"मला पहिल्यापासून संशय होता," गावप्रमुख म्हणाले. आत्याने चुना उकरायला फावडं त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी मान वळवली.

कुरण सगळ्यांचंच राहिलं. मेलेली माणसं काही मागत नाहीत. त्यांच्या नावाने जो मागतो, त्याला ते स्वतःसाठीच हवं असतं. तेव्हा हात जोडण्याआधी जरा उकरून बघा.