अर्ध्या काढ्याची सुकेळी

गुरुवारी सकाळी साडेअकराला नेत्राच्या हातात अहवाल आला. उमेळ्याला तिच्या घरी केलेल्या सुकेळ्यांत, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांत, बुरशीचे विष मर्यादेच्या चौपट निघाले होते. नमुना तिनेच दिला होता. त्यावर बुरशीचा एक ठिपकाही दिसत नव्हता.

तिने प्रयोगशाळेतूनच आईला फोन लावला.

"आई, अडुळशाचा काढा किती घेतलास?"

"अर्धा," सुशीला म्हणाली. "पुऱ्यानं केळी कडू लागत होती. कोण खाणार? पण मध्ये ढग येऊनही बुरशी नाही धरली हो. नाहीतर दरवर्षी पाटीभर निवडून टाकावी लागतात."

सोललेली राजेळी केळी वाळत घालण्याआधी काढ्यात बुडवायची, ही सूचना नेत्राची. प्रयोगशाळेतल्या तिच्या वहीत मार्चमधल्या प्रयोगाची नोंद होती : काढा पुरेसा असला तर बुरशी मरते, विषही थांबते. अर्धा असला तर बुरशी दबते, पण उरलेली जास्त विष सोडते. घरी तिने पहिला भाग तेवढा सांगितला होता. दुसरा आईला कशाला, असे तिला वाटले होते.

"कोणाला दिलीस?"

"एक जुडी एलिनाकडे. अँथनी काविळीतून उठलाय ना, त्याला ताकद यावी म्हणून."

नेत्राने शेजारी फोन केला. अँथनीची बायको एलिना हसतच बोलली. "संपत आली गं बाय! ह्याला पेज नको, भात नको. मी म्हटलं, सुशीलावहिनींकडेच राहायला जा. अजून आहेत काय?"

"मावशी, उरलेली त्यांना देऊ नका. त्यांत यकृताला धोक्याचं विष निघालंय. चूक माझी आहे. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या."



"तुझ्या आईनं दिली," एलिना म्हणाली, "म्हणून मी नीट बघितलीसुद्धा नाहीत."

बघूनही काही दिसले नसते, हे नेत्राने सांगितले नाही.

दुपारी अँथनीचे रक्त तपासायला दिले. जुडीत बारा सुकेळी होती, दोन उरली होती. संध्याकाळी सुशीलाने घरातला सुकेळ्यांचा डबा नेत्रापुढे ठेवला.

"सांगितलं असतंस तर कडूच केली असती," ती म्हणाली.

शुक्रवारी रात्री आठपर्यंत अँथनीच्या यकृताचा अहवाल आला नव्हता.